येळवशीची कोप आणि परदेशी ऋतुचक्र

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या वाचकपत्रांत अलीकडे निसर्गाला पवित्र मानून स्वतःला ‘पेगन’ म्हणवणाऱ्या तरुण मुलामुलींविषयी दोन पत्रे आली. पहिल्या पत्रलेखकांनी हा सगळा प्रकार ‘पाश्चात्त्यांचे खूळ’ म्हणून निकालात काढला, तर दुसऱ्यांनी हे मुळात आपलेच असून पाच हजार वर्षांपूर्वी येथूनच तिकडे गेले, असे ठामपणे लिहिले. दोन्ही पत्रे मी पुन्हा पुन्हा वाचली, कारण हा विषय माझ्या घरातलाच आहे. माझी सख्खी भाची, म्हणजे धाकट्या भावाची मुलगी, पुण्यात संगणक क्षेत्रात नोकरी करते आणि गेली सहा वर्षे या मार्गाने चालते. आणि औसा तालुक्यातील आमच्या वडिलोपार्जित साडेचार एकरांत दर वर्षी येळवस, म्हणजे मार्गशीर्ष अमावस्येचा रानातला सण, होते, तिला ती न चुकता येते. मी 31 वर्षे प्राथमिक शाळेत शिकवले. दोन्ही पत्रलेखकांचा मान राखून सांगते की, ज्याविषयी लिहायचे ते आधी जवळून पाहावे, एवढी साधी गोष्ट दोघांकडूनही राहून गेली आहे.

‘पेगन’ हा शब्द लॅटिनमधला. मूळ ‘पागानुस’ म्हणजे गावखेड्याचा माणूस. पुढे ज्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला नाही त्यांच्यासाठी तो हिणवण्याच्या सुरात वापरला गेला, जसे आपल्याकडे शहरात गेलेला माणूस मागे राहिलेल्यांना गावंढळ म्हणतो. आज ज्यांनी हे नाव आपण होऊन घेतले आहे, त्यांचा पंथ एकच एक नाही. इंग्लंडमध्ये विक्का नावाचा पंथ आहे, जुन्या केल्टिक पुजाऱ्यांचे नाव लावणारी ड्रुइड मंडळी आहेत. आइसलंडमध्ये जुन्या नॉर्स देवतांना मानणाऱ्या आसात्रू मंडळींची संस्था 1972 मध्ये स्थापन झाली आणि पुढच्याच वर्षी तिला सरकारी मान्यता मिळाली. इंग्लंड आणि वेल्सच्या 2021 च्या जनगणनेत सुमारे 74,000 लोकांनी आपला धर्म पेगन आणि सुमारे 13,000 लोकांनी विक्का असा नोंदवला. यांचा सर्वांना बांधणारा एक ग्रंथ नाही, सर्वांवर हुकूम चालवणारा एक धर्मगुरू नाही. समान धागा शोधायचाच तर तो हा की, निसर्ग पवित्र आहे आणि वर्षाची फिरती चाकोरी माणसाने जागेपणी पाळली पाहिजे, एवढे बहुतेक जण मानतात.

त्या चाकोरीला ते वर्षाचे चक्र म्हणतात. त्यात आठ सण येतात. सूर्याचे चार दिवस, म्हणजे 21 डिसेंबरच्या आसपासचा सर्वांत लहान दिवस, 21 जूनच्या आसपासचा सर्वांत मोठा दिवस आणि मार्च-सप्टेंबरमधले समान दिवस-रात्रीचे दोन. आणि त्यांच्या अधेमधे येणारे फेब्रुवारी, मे व ऑगस्टच्या आरंभीचे आणि ऑक्टोबरअखेरचा, असे जुन्या शेतकरी-मेंढपाळ जीवनाशी जोडलेले चार. हिवाळ्यातल्या सणाला ‘यूल’ म्हणतात, ऑक्टोबरअखेरच्या सणाला ‘साउइन’. त्या रात्री गेलेल्या माणसांची आठवण काढतात, जशी आपण पितृपक्षात काढतो.

दुसऱ्या पत्रलेखकांच्या पाच हजार वर्षांचा प्रश्न येथेच येतो. हे आठ सणांचे चक्र आजच्या रूपात विसाव्या शतकाच्या मध्याला इंग्लंडमध्ये जुळून आले. जेराल्ड गार्डनर नावाचे गृहस्थ मलायात कस्टम खात्यात नोकरी करून मायदेशी परतले. 1735 सालचा चेटूकविरोधी कायदा 1951 मध्ये रद्द झाल्यावर त्यांनी आपल्या पंथाविषयी, म्हणजे विक्काविषयी, उघडपणे सांगायला सुरुवात केली आणि 1954 मध्ये त्यावर पुस्तक काढले. त्यांचे स्नेही रॉस निकल्स ड्रुइड परंपरेत काम करत होते. या दोघांच्या मंडळांतून हे चक्र आकाराला आले. निरनिराळे सण सुटे सुटे जुने आहेत, काही तर फार जुने आहेत. पण आठांची एक माळ नवी आहे आणि तीतल्या काही सणांची आज रूढ असलेली नावे तर 1970 च्या दशकात अमेरिकेत दिली गेली. रोनाल्ड हटन या ब्रिटिश इतिहासकारांनी हे सगळे कागदोपत्री पुराव्यानिशी मांडले. मला विशेष वाटले ते पुढेच. हे संशोधन बाहेर आल्यावर काही जण दुखावले, हे खरे. पण त्या मार्गावरच्या पुष्कळ लोकांनी ते स्वीकारले. आमचा सण सत्तर वर्षांचा आहे, असे म्हणूनही ते त्या दिवशी तितक्याच मनोभावे दिवा लावतात. माझ्या भाचीने ही हकिगत मला पहिल्याच वर्षी आपण होऊन सांगितली. सणाचे वय कमी सांगितल्याने तिची श्रद्धा कमी झालेली मला दिसली नाही.

आपल्याला हे का जमत नाही, असे मला वाटत राहते. आमच्या येळवशीच्या भज्जीचेच घ्या. बाहेरच्या वाचकांसाठी सांगते की, ही तळलेली भजी नव्हेत; हरभऱ्याचे सोलाणे, वाटाणा, तुरीचे कोवळे दाणे, शेंगदाणे, मेथी, कांद्याची पात, गाजर, चिंचेचा कोळ असे शेतात त्या वेळी जे जे असेल ते डाळीच्या पिठात शिजवलेली घट्ट मिश्र भाजी म्हणजे भज्जी. तीत हिरवी मिरची वाटून घालतात आणि मूठमूठभर शेंगदाणे पडतात. मिरची आणि भुईमूग ही दोन्ही अमेरिका खंडातली पिके, पोर्तुगीजांच्या व्यापारानंतर आपल्याकडे आलेली. तेव्हा आज आपण खातो ती भज्जी पाच हजार वर्षांची असूच शकत नाही. येळवस हे नावही कन्नडमधल्या ‘एळ्ळ अमावस्ये’वरून आले, लातूर-धाराशिवचा हा पट्टा कर्नाटकाला लागून आहे, सोयरीक दोन्हीकडे आहे आणि सणही दोन्हीकडचा आहे. वेळ अमावस्या, वेळा अमावस्या ही त्याची मराठीने आपल्या सोयीने केलेली रूपे. यात कमीपणा कसला? भुईमूग आला तेव्हा आमच्या कुण्या पणजीच्या पणजीने तो भज्जीत घातला आणि सण त्या वर्षी पुन्हा एकदा त्या रानाचा झाला.

आता पहिल्या पत्रलेखकांच्या ‘खूळ’ या शब्दाकडे वळते. त्यांचे म्हणणे मी सर्वस्वी उडवून लावणार नाही, कारण भाचीच्या पहिल्या वर्षीचा यूल मी स्वतः पाहिला आहे. तेव्हा मी डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी तिच्याकडे राहिले होते. तिने एका ऑनलाइन विक्रेत्याकडून विधीचे साहित्य म्हणून एक खोके मागवले होते. त्यात दालचिनीच्या वासाच्या मेणबत्त्या होत्या, प्लास्टिकची पाइनची डहाळी होती, कापसाचे बर्फ होते आणि इंग्रजीत छापलेली एक प्रार्थना होती, जिच्यात गारठून मेलेल्या धरतीला सूर्य पुन्हा जिवंत करो असे मागणे होते. दुपारची वेळ होती, पंखा चालू होता, खिडकीबाहेर शेवग्याला पांढऱ्या फुलांचे झुबके लोंबत होते. तिने प्रार्थना अर्ध्यावर थांबवली आणि मला म्हणाली, “आत्या, मी नेमका कुणाचा हिवाळा पाळतेय?” ते खोके तिने त्याच दिवशी माळ्यावर टाकले. बाजाराने या मार्गाला घेरले आहे, हे पत्रलेखकांचे म्हणणे तेवढ्यापुरते खरे आहे. पण बाजाराने आपल्या संक्रांतीला आणि हळदी-कुंकवालाही घेरलेले आहे आणि त्यावरून कुणी संक्रांतीला खूळ म्हणत नाही.

भाचीचा तो प्रश्न मात्र माझ्या मनात घर करून राहिला, आणि हे पत्र लिहिण्याचे खरे कारण तोच आहे. लंडनमध्ये डिसेंबरच्या शेवटी दिवस जेमतेम पावणेआठ-आठ तासांचा असतो आणि जूनमध्ये तो साडेसोळा तासांवर जातो. अशा मुलखात सूर्य परतणे ही जिवाची गोष्ट आहे. तिथल्या माणसाने त्या दिवशी ओंडका पेटवला तर त्यामागची कळकळ समजते. आमच्या लातुरात सर्वांत लहान दिवस सुमारे 11 तासांचा आणि सर्वांत मोठा सुमारे 13 तासांचा. दोन तासांच्या फरकाने आमचे काही अडत नाही. सूर्य आमच्याकडे कधी दुरावतच नाही. उलट चैत्र-वैशाखात त्याने जरा दम खावा, असेच आम्हाला वाटत असते. आमचे अडते ते पावसाशी. मराठवाड्यात पावसाळ्याच्या चार महिन्यांत सरासरी 680 मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो आणि तोही सांगून येत नाही. 1972 चा दुष्काळ ज्यांनी पाहिला त्यांना सांगायला नको, आणि ज्यांनी तो पाहिला नाही त्यांनी एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला आलेले पाणी पाहिले आहे. म्हणून आमच्या वर्षाचे चाक सूर्याच्या आसावर फिरत नाही, ते पावसाच्या नक्षत्रांवर फिरते.

पेगन मंडळींचेच उदाहरण यात उपयोगी पडते. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमधल्या पेगन लोकांपुढे हाच पेच होता, कारण डिसेंबरमध्ये तिकडे ऐन उन्हाळा. त्यांच्यापैकी बहुतेकांनी चक्र सहा महिन्यांनी उलटे फिरवले. त्यांचा यूल जूनमध्ये येतो. म्हणजे त्या मार्गाचा जो गाभा आहे, आपल्या पायाखालच्या जमिनीवर काय चालले आहे ते पाहून सण धरावा हा, तो त्यांनी राखला आणि तारखा सोडल्या. आमच्याकडे जी मुले हा मार्ग धरतात त्यांनी नेमके उलटे करू नये, तारखा घेऊन गाभा टाकू नये, एवढेच माझे सांगणे आहे. आणि जे सण आपलेच आहेत म्हणून आपण निर्धास्त आहोत, त्या आपल्यालाही ते तितकेच लागू आहे.

मृगाचे घ्या. सूर्य मृगात 7-8 जूनला जातो आणि त्या दिवशी आजही पंचांगात नक्षत्राचे वाहन पाहिले जाते. बेडूक असले की घरात आनंद, उंदीर असला की चिंता. माझे वडील वाहन पाहत, पण वाहनावर थांबत नसत. चिंचेला मोहर कसा आहे, कावळ्याने घरटे शेंड्याला बांधले की मधल्या फांदीला, मुंग्या अंडी घेऊन कुठे निघाल्या, पुनर्वसूचा तरणा पाऊस मोकळा पडला की पुष्याच्या म्हाताऱ्यावर सगळे सोडून गेला, हे सगळे ते एका जुन्या हिशेबवहीत पेन्सिलीने लिहून ठेवत. त्यातले किती ठोकताळे शास्त्राच्या कसोटीला उतरतील, हा वेगळा विषय आहे; काही नक्कीच उतरणार नाहीत. पण तो माणूस रोज बांधावर उभा राहून पाहत होता. ‘पडतील स्वाती तर पिकतील माणिक-मोती’ हे आपण आता भाषणात म्हणतो. स्वाती कधी लागते, हे म्हणणाऱ्यांपैकी किती जणांना ठाऊक असते? संक्रांत मूळची सूर्य उत्तरेकडे वळण्याच्या दिवसाची. पृथ्वीच्या आसाच्या संथ डोलण्यामुळे तो दिवस आणि संक्रांत यांच्यात आज तीन आठवड्यांहून अधिक अंतर पडले आहे. सूर्य 21-22 डिसेंबरलाच वळतो आणि आपण 14-15 जानेवारीला तिळगूळ वाटतो. तिळगूळ जरूर वाटावा, पण आकाशाकडेही पाहावे.

सूर्याचाच एखादा दिवस पाळायचा असेल, तर आमच्या मुलखाला असा दिवस लाभला आहे जो इंग्लंडला कधीच मिळणार नाही. मे महिन्याच्या मध्याला लातुरात भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या वस्तूची सावली तिच्या पायातच विरते. शून्य सावलीचा दिवस तो. जुलैअखेरीस तो पुन्हा येतो, पण तेव्हा बहुधा आभाळ भरलेले असते. कर्कवृत्ताच्या वरच्या देशांना हे दृश्य नाही. सुट्टीतही शाळेच्या पटांगणात मुलांना बोलावून आम्ही तांब्या उलटा ठेवून पाहत असू. ज्या क्षणी तांब्याभोवतीची काळी कड नाहीशी होई, त्या क्षणी पोरे एकदम गप्प होत. ती शांतता मी पुष्कळ देवळांतही अनुभवलेली नाही. भाची आता पुण्यात गच्चीवर हा दिवस पाळते आणि जूनमधला त्यांचा सण तिने सोडून दिला आहे. त्याऐवजी पहिला खरा पाऊस ज्या दिवशी पडेल तो तिचा सण. त्याला तारीख नाही. तिच्या खिडकीत आता मेणबत्ती नाही. आमच्या रानातला एक काळा दगड आहे, एका वाटीत त्या त्या हंगामाचे दाणे असतात आणि शेजारी आजोबांसारखीच एक वही असते.

आता येळवशीविषयी थोडे सविस्तर लिहिते. आमच्या दोन जिल्ह्यांबाहेर तिची ओळख अजून ‘वनभोजन’ एवढीच आहे. मार्गशीर्षातली ही अमावस्या कधी डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात येते, कधी जानेवारीत जाते. जिल्हाधिकारी स्थानिक सुट्टी देतात, बाजारपेठ ओस पडते आणि अख्खा गाव रानात असतो. आदल्या रात्री बायका झोपत नाहीत. भाज्या निवडणे, उंड्यांचे पीठ मळणे, धपाटे थापणे, गव्हाची खीर शिजवणे पहाटेपर्यंत चालते. ज्वारीच्या पिठाचे आंबिल ताक-लसूण घालून मडक्यात मुरलेले असते. सकाळी ते डोक्यावर घेऊन निघायचे. रानात कडब्याच्या पेंड्या एकमेकींना टेकवून कोप केलेली असते, आत चुन्याने रंगवलेले पाच दगड मांडलेले असतात, ते पांडव. त्यांची पूजा झाली की आंबिलाचे मडके घेऊन पिकातून फिरतात, डहाळीने आंबिल शिंपडतात आणि ‘ओलगे ओलगे, सालम पोलगे’ असे मोठ्याने म्हणतात. गावोगाव हे शब्द थोडे बदलतात. दिवस मावळताना वाळल्या गवताचा हेंडगा पेटवून तो पिकाभोवती फिरवायचा आणि मग घरी यायचे.

तीन वर्षांपूर्वीची येळवस मला विशेष आठवते. आमच्या घरात आंबिल शिंपडण्याचा मान कर्त्या पुरुषाचा. आई रात्रभर राबायची, मग मी आणि वहिनी राबलो, पण मडके उचलायचे ते वडिलांनी आणि त्यांच्यानंतर भावाने. भाची त्या वर्षी म्हणाली की, आंबिल मी शिंपडते. तिच्या मार्गात बाई पूजेच्या मध्यभागी असते. विक्काच्या मंडळात विधी चालवण्याचा अधिकार पुजारणीकडे असतो, हे मी वाचले होते. भाऊ गप्प राहिला. वहिनी म्हणाल्या, “घेऊ द्या की तिला. रातभर कांद्याची पात तिनंच निवडलीय.” भाचीने मडके कमरेवर घेतले आणि ती हरभऱ्यात उतरली. दव अजून सुकले नव्हते. हरभऱ्याच्या पानांवरची खार तिच्या पायांना झोंबत होती, तरी ती चप्पल न घालता एकेका तासातून, म्हणजे पिकाच्या ओळीतून, शेवटापर्यंत गेली. आमच्यापैकी कुणी इतक्या हळू कधी गेले नव्हते. आम्ही चार कोपऱ्यांत चार शिंपडे टाकून जेवायला बसत आलो. परत आल्यावर तिने सांगितले की, वरच्या बांधाकडच्या चार तासांत घाट्यांना अळी लागली आहे. भाऊ उठून पाहायला गेला आणि खरोखरच घाटे पोखरलेले होते. रानाची पूजा म्हणजे रान पाहणे, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा माझ्या घरच्या माणसाकडून शिकले, आणि ती शिकवण तिने परदेशी मार्गाला लागून परत आणली हे मला लपवावेसे वाटत नाही. त्यानंतर आमच्याकडे आंबिल दर वर्षी एक बाई आणि एक पुरुष मिळून शिंपडतात.

बाकी येळवशीचे हाल मी पाहते आहे. आमच्याकडे आता रान सोयाबीनचे झाले. ज्वारीचा पेरा घटला, कडबा महाग झाला, म्हणून कोप कुठे जुन्या साड्यांची, कुठे शेडनेटची होते. त्याचे मला वाईट वाटत नाही. घरात जे आहे त्याची कोप करावी, भज्जीत भुईमूग आला तसेच ते आहे. वाईट वाटते ते दुसऱ्या दिवशी. थर्माकोलच्या ताटल्या, प्लास्टिकचे पेले आणि पाण्याच्या बाटल्या ज्या जमिनीला आपण आदल्या दिवशी आई म्हणून आंबिल पाजले तिच्यातच पडून राहतात आणि पुढच्या पाळीला त्या मातीत जातात. गेल्या वर्षी आमच्या शेजारच्या रानात कर्णे लावले होते. त्या आवाजात ‘ओलगे’ म्हणणारा म्हातारा आपल्यालाही ऐकू आला नाही. पहिल्या पत्रलेखकांना परक्या मुलांच्या मेणबत्त्या खुपल्या. या ताटल्या त्यांना खुपाव्यात, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

एक गोष्ट मात्र या मार्गावरच्या मुलामुलींना बजावून सांगितली पाहिजे आणि भाचीलाही मी ती सांगितली आहे. इंग्रजीत ‘विच’ हा शब्द आज कित्येक बायका अभिमानाने लावतात. ज्या शब्दाने युरोपात हजारोंना मारले तो शब्द आम्ही परत घेतला, अशी त्यांची भूमिका आहे आणि त्यांच्या देशात ती मला समजते. पण मराठवाड्यात चेटूक आणि भानामती हे शब्द अजून विझलेले नाहीत. मी नोकरीला लागले तेव्हा ज्या गावात होते, तिथे एका एकट्या राहणाऱ्या विधवेवर भानामतीचा आळ आला. कुणाच्या घरात कपडे पेटले, कुणाच्या पोरीच्या अंगावर फुल्या उमटल्या, आणि बोट तिच्याकडे वळले. तिचा विहिरीवरचा दोर तोडला गेला, दुकानदार तिला मीठ देईना. ती गाव सोडून गेली. ती वही-पुस्तकांसाठी माझ्या वर्गातल्या दोन गरीब पोरांना पैसे देत असे, हे मला तिच्या जाण्यानंतर कळले. मी तेव्हा नवी होते, घाबरले आणि काही बोलले नाही; ते आजही मला सलते. अशा बायांसाठी अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांनी गावोगाव भांडून काम केले. डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा 20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात खून झाला आणि त्यानंतर त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा महाराष्ट्रात आला. म्हणून जी मुले ऋतू पाळतात, दिवा लावतात, झाडापाशी शांत बसतात, त्यांना माझा पूर्ण पाठिंबा आहे. पण जो कुणी या नावाखाली मंतरलेले खडे, वशीकरण किंवा करणी काढण्याचे उपाय विकेल, त्याला इंग्रजी नाव असले म्हणून सूट मिळता कामा नये. कायदा त्याला लागू आहेच.

धर्मांतराची भीतीही पहिल्या पत्रात होती. भाची गौरीला घरी येते, महालक्ष्म्यांच्या मुखवट्यांना स्वतः साडी नेसवते, चैत्री पौर्णिमेला येरमाळ्याला येडेश्वरीच्या यात्रेत जाऊन हजारो बायांबरोबर चुनखडीचे खडे वेचून आली आहे. पेगन मार्गावर तिला कुणी बोलावले नव्हते आणि तिनेही आजवर कुणाला आपल्या मार्गात ओढलेले नाही. याहून अधिक त्या मुद्द्यावर लिहिण्याची मला गरज वाटत नाही.

आपल्याकडे माझे एक मागणे आहे. आपल्या दैनिकात रोज राशिभविष्य येते, नक्षत्र बदलले की वाहनाची बातमी येते. त्याच्या शेजारी दोन बोटे जागा रानाच्या नोंदीसाठी द्यावी. औशात पहिला पळस कधी फुलला, परांड्याकडे तुरीला शेंग कधी धरली, पावशा कोणत्या गावात आधी ओरडला, मांजराकाठच्या विहिरींना किती परस पाणी आहे, हे वाचक आनंदाने कळवतील. शाळांतली मुले तर सर्वांआधी. माझ्या वडिलांच्या हिशेबवह्या माझ्याकडे आहेत, त्यांतल्या जुन्या नोंदी मी उतरवून पाठवीन. पळस पूर्वीपेक्षा लवकर फुलतो की नाही, हे मग नुसत्या गप्पांवर राहणार नाही.

यंदाच्या येळवशीला दोन्ही पत्रलेखकांनी आमच्याकडे जेवायला यावे, असे मनापासून वाटते. घर शोधण्याची गरज नाही. त्या दिवशी औसा तालुक्यात कोणत्याही बांधावर उभे राहिले की कोपीतून हाक येते आणि हाक मारणारा जातगोत विचारत नाही. ताट-वाटी तेवढी घरून आणावी, आणि जेवणाआधी हरभऱ्यातून एक फेरी मारावी लागेल, पायांत काही न घालता.

आपली नम्र,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका,
ता. औसा, जि. लातूर